खंडूआबांचे पायी चालणारे होले

खंडूआबांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते उसाचे दोन ट्रेलर ओढणाऱ्या ट्रॅक्टरला हात दाखवून रस्त्यात उभे होते. बावड्याच्या पुढं, नरसिंहपूरच्या अंगाला असलेल्या एका वाडीच्या शाळेवर माझी बदली झाली होती. बारामतीहून दोन एस.टी. बदलून मी आले होते आणि शेवटचा टप्पा शाळेच्या शिपायाच्या मोटरसायकलवर मागं बसून चालला होता. ट्रॅक्टर थांबला म्हणून आम्हीही थांबलो. डोक्याला लाल पटका, खांद्यावर घोंगडी, हातात काठी असा एक उंच, वाळलेला म्हातारा मधोमध उभा होता आणि त्याच्या मागून तीन होले रस्ता ओलांडत होते. उडत नव्हते, चालत होते.

होला म्हणजे पारव्याची गरीब घरी दिलेली धाकटी बहीण. अंगानं बारीक, रंगानं मातकट, स्वभावानं भोळी. आमच्याकडं गावात त्याला व्हला म्हणतात. तो तारेवर, मीटरच्या पेटीवर, कुठंही चार काड्या टाकून संसार मांडतो आणि त्या काड्यांतून अंडी खाली पडली की नवल वाटून बघत बसतो. पण तो गुरासारखा रांगेनं चालताना मी तोवर पाहिला नव्हता.

ट्रॅक्टरवाल्यानं गाणं बारीक केलं आणि अगदी आदरानं विचारलं, "आबा, पाखरंच हायत न्हवं ती? मग उडवा की."

"उडत्याल की," आबा म्हणाले. "पर आत्ता चरायला निघाल्यात. चरायला जाताना कोण उडत जातं व्हय?"

ट्रॅक्टरवाल्यानं इंजिन बंद केलं. मी डी.एड. झालेली होते, पण हे मला तिथं कुणी शिकवलं नव्हतं. तिसरा होला मध्येच उसाचं एक चिपाड टोचून बघत थांबला, आबा त्याच्यासाठी थांबले, त्यांच्यासाठी कारखान्याचा ऊस थांबला. मग सगळे पलीकडं गेले.

माझी भाड्याची खोली आबांच्या घराला लागूनच निघाली. मध्ये फक्त एक कुडाची भिंत आणि भागामामींचा आवाज. भागामामी म्हणजे आबांची बायको. उंचीनं आबांच्या निम्म्या, पण बोलण्यात त्यांच्या चौपट. त्या पहाटे उठल्यापासून जे बोलायला लागत ते निजेपर्यंत. त्यात सगळं असे: चूल, सून, हवामान, शेजारणीची शेळी आणि मुख्यतः आबा. वर्गात मला घड्याळ लागायचं नाही. मामी डाळिंबाच्या बागेतल्या बायकांना हाका मारू लागल्या की अकरा वाजले, आणि आबांना जेवायला हाका मारू लागल्या की दीड.

आबांच्या बापाचा मेंढरांचा मोठा वाडा होता. दरवर्षी दिवाळीनंतर कोकणात उतरायचं आणि पाऊस जवळ आला की परत घाटावर चढायचं, असं आबा वयाच्या पंचविशीपर्यंत चालले. मग कॅनॉलचं पाणी आलं, पाण्याच्या मागून ऊस आला आणि मेंढरं विकली. शेती आता थोरला मुलगा अशोक बघतो. ऊस आहे, दोन एकर डाळिंब आहे, सगळं ठीक आहे. पण आबांचं उसाशी कधी जमलं नाही. "ऊस एका जागी उभा ऱ्हातो," ते म्हणत. "त्येच्याशी बोलायचं काय?"

मेंढरं गेली, पण पाय राहिले. आबा दिवसभर चालत. चालताना त्यांची एक खोड होती. दहा पावलं झाली की थांबायचं, वळून मागं बघायचं आणि मग पुढची दहा. मागून मेंढरं येत नसली तरी हे चालूच. मामींना ह्याचा फार राग होता. त्यांचं म्हणणं, मेंढरांसाठी वळत होते, आता पाखरांसाठी वळतात, पण बाजाराला जाताना मी मागून वझं घेऊन चालत असते तेव्हा ह्या माणसाची मान लाकडाची होते. हे त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं, आणि त्यानंतर प्रत्येक आठवड्यात.

होल्यांचा नाद आबांना डाळिंबानं लावला. बहार धरायचा म्हणजे आधी बागेची छाटणी. डाळिंबाच्या काटेरी फांद्यांत होल्यांची घरटी असतातच. फांदीबरोबर घरटं खाली येतं आणि त्यातून दोन कुरूप, पिवळ्या केसांची, पोट सुटलेली पिल्लं निघतात. छाटणीच्या बायका ती ओटीत घालून आबांकडं आणून देत. आबा नाही म्हणत नसत. त्यांना नाही म्हणताच येत नसे, आणि ह्याचं कारण त्यांच्या स्वभावापेक्षा त्यांच्या तोंडात होतं.

होल्याचं पिल्लू चोच उघडून आ करत नाही. ते आईच्या तोंडात स्वतःची चोच घालतं आणि आतलं ओढून घेतं. आबांनी हे बघून ठेवलं होतं. मग ते भिजवलेली ज्वारी तोंडात घेऊन बारीक चावत, ओठांचा चंबू करत आणि पिल्लाला तोंडाशी धरत. एकेका पिल्लाला बराच वेळ लागे. त्यामुळं सकाळी सात ते साडेआठ आणि दुपारी चार ते पाच खंडूआबांचं तोंड भरलेलं असे. ह्या वेळात कुणी काही विचारलं तर ते फक्त "हं" म्हणत. त्यांच्या मनात त्याचा अर्थ "जरा थांबा" असा होता. गावानं तो कधीच तसा घेतला नाही.

अशाच एका सकाळी चार जण आले आणि आबांना विचारून गेले की तंटामुक्ती समितीच्या अध्यक्षपदाला तुमचं नाव घालू का. आबा म्हणाले, "हं." तोंड रिकामं होईपर्यंत चौघं ठराव लिहून मोकळे झाले होते.

गंमत अशी की त्यांच्यासारखा अध्यक्ष पुन्हा झाला नाही. बांधावरून भांडणारे दोन भाऊ सकाळी सकाळी आले. थोरल्यानं आपली बाजू सांगितली, आबा "हं" म्हणाले. धाकट्यानं सांगितली, त्यालाही "हं". मध्ये मध्ये आबा पिल्लू बदलत होते. अर्ध्या तासानं दोघं भाऊ बोलून दमले, एकमेकांचं ऐकून घेणं त्यांना बऱ्याच वर्षांनी पहिल्यांदाच घडलं होतं, आणि दोघं एकाच मोटरसायकलवर बसून परत गेले. नाव झालं. बावड्यातून माणसं यायला लागली. एकदा मात्र एक सासू-सून दुपारी दोन वाजता आल्या. तेव्हा तोंड रिकामं होतं, आबांनी आपलं खरं मत सांगितलं आणि त्यातून जे भांडण लागलं ते मिटायला दोन महिने गेले. तेव्हापासून मामी लोकांना वेळ सांगायला लागल्या.

माझ्या दुसऱ्या वर्षी, थंडीत, छाटणीच्या बायकांनी एकूण अकरा पिल्लं आणली. पहिल्या वर्षीच्या तीन होल्यांचं काय झालं, असं मी विचारलं होतं तेव्हा आबा पटक्याचं टोक नीट करत दुसरीकडं बघू लागले होते. मामींनी हळू सांगितलं: दोन मांजरानं नेले, एक कुणीतरी रस्त्यावरून उचलून नेला. "धरायला गेलं की बसून ऱ्हातंय," त्या म्हणाल्या. "हातात येऊन बसणारं पाखरू कोण सोडंल?"

अकरा पिल्लांपुढं आबांचा जबडा पुरेना. आठव्या दिवशी एका पिल्लाचा गळा फुगला, तेव्हा त्यांनी त्याला भाकरीच्या डब्यात घातलं आणि मला बरोबर घेऊन बारामतीला जनावरांच्या डॉक्टरांकडं नेलं. एस.टी.त कंडक्टरनं डब्यात काय आहे विचारलं. आबा म्हणाले, "पेशंट."

डॉक्टर तरुण होते आणि चांगले होते. त्यांनी पिल्लाला औषध दिलं, आबांनाही दिलं. माणसाच्या तोंडातलं पाखराला चालत नाही, दाणे भिजवून वाटून बारीक नळीनं घाला, असं करून दाखवलं. मग म्हणाले की ही रानातली पाखरं आहेत, घरात ठेवायची नसतात, मोठी झाली की रानात गेली पाहिजेत. आणि जाण्याआधी त्यांना माणसाची भीती वाटायला लागली पाहिजे. जे पाखरू भीत नाही, ते टिकत नाही.

आबांना औषध पटलं, नळी पटली. भीती पटली नाही. परत येताना म्हणाले, "भ्यायचं कशाला? मी हाय की."

नळी आल्यावर आबांचं तोंड मोकळं झालं. तरी सात ते साडेआठ ते ज्वारी चावत बसतच. मी कारण विचारलं. "तोंडात काय नसलं की माणसं बोलायला लावत्यात," ते म्हणाले.

होले मोठे झाले तसं त्यांचं शिक्षण सुरू झालं. "आधी पाय, मग पंख," ही आबांची शिक्षणपद्धती. जित्राबानं आधी चरायला शिकलं पाहिजे, कळप धरून चालायला शिकलं पाहिजे, उडणं काय, ते आपोआप येतं. मेंढरांना लावतात तशी प्रत्येकाच्या शेपटीवर लाल रंगाची खूण झाली. सकाळी उन्हं आली की आबा अंगणात होल्यांवर पालथी घातलेली वेताची मोठी टोपली, म्हणजे डालगं, उचलत, जिभेनं टकटक आवाज काढत, आणि पुढं लाल पटका, मागं अकरा होले अशी वरात ज्वारी काढलेल्या रानाकडं निघे. दहा पावलं, वळून बघायचं, पुन्हा दहा पावलं. संध्याकाळी तशीच परत. त्यांना उडता येत नव्हतं असं नाही. एखाददुसरा मध्येच भुर्रकन उडे, पण जाई कुठं, तर आबांच्या पटक्यावर.

लोक मोबाईलवर चित्रण करायला यायचे. आबा त्यांना सांगत की बाजूनं काढा, मागून काढू नका, ती लाजतात. मी रोज हसत होते आणि रोज मला डॉक्टरांचं वाक्य आठवत होतं, पण सुखात असलेल्या माणसाला कोण सांगणार?

ते सांगायचं काम एका लग्नानं केलं.

शेजारच्या घरी मुलीचं लग्न होतं, मांडव समोरच्या रानात. आबांनी खबरदारी घेतली होती. होले डालग्याखाली ठेवून वर दगड ठेवला होता. पण आचाऱ्याला बुंदीवर झाकायला काहीतरी हवं होतं. त्यानं इकडंतिकडं बघितलं, दगड बाजूला केला आणि डालगं उचलून नेलं. खाली काय होतं हे त्यानं बघितलंही नाही.

मांडवात तेव्हा आशीर्वादाची भाषणं चालू होती. आमच्याकडं भटजींच्या आधी पुढारी बोलतात. मानाच्या सगळ्या पाहुण्यांना फेटे बांधले होते, पन्नास-साठ तरी, आणि सगळे लाल. होल्यांनी आयुष्यात एकच लाल डोकं पाहिलेलं. ते मांडवाच्या दारात आले, चालतच आले, आणि समोरचं दृश्य बघून क्षणभर बावरले असावेत. मग उडाले. एक नवऱ्याच्या बापावर बसला, एक मामावर, एक कुणाचा तरी फेटा घातलेल्या फोटोवाल्यावर. एक थेट माईकसमोरच्या प्रमुख पाहुण्यांच्या फेट्यावर जाऊन बसला. पाहुणे अनुभवी होते. त्यांना वाटलं हे ठरवून केलेलं आहे. शांतीचा संदेश देणारा असा विवाह मी तालुक्यात पाहिला नाही, असं ते म्हणाले आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्यांनीसुद्धा एकही होला उठला नाही. मागच्या रांगेत आबा उभे होते, चेहरा अभिमानानं फुललेला. मामी त्यांना कोपरानं ढोसत होत्या.

मग मंगलाष्टका झाल्या आणि अक्षता पडल्या. आमच्याकडं अक्षता तांदळाच्या नसतात, ज्वारीच्या असतात, रंगवलेल्या. होल्यांच्या दृष्टीनं हे आभाळातून जेवण पडल्यासारखं होतं. अकराच्या अकरा खाली उतरले आणि पायांमध्ये फिरून दाणे टिपू लागले. तेवढ्यात पंगतीची हाक झाली. पाचशे माणसं एकदम उठली.

दहा होले कसे वाचले ते खंडोबाला ठाऊक. अकरावा वाचला नाही. तो पळाला नव्हता, उडाला नव्हता, वर मानसुद्धा करायची त्याला गरज वाटली नव्हती. त्याला पाय म्हणजे आबा एवढंच माहीत होतं.

आबांनी त्याला उचललं, पटक्याच्या घडीत ठेवलं आणि घरी गेले. जेवले नाहीत. मामी त्या संध्याकाळी गप्प होत्या, आणि त्या शांततेनं सगळ्या आळीला काहीतरी झाल्याचं कळलं. मला फार वाईट वाटलं. आणि लाजही वाटली, कारण दुपारी मी सगळ्यांत मोठ्यानं हसले होते.

दुसऱ्या दिवशी आबा माझ्या ओट्यावर येऊन बसले.

"बाई," ते म्हणाले, "म्या त्येंला समदं शिकवलं. भ्यायला तेवढं शिकवलं न्हाय. तुमी शाळेत पोरांला भ्यायला कसं शिकवता?"

मी सांगितलं की आता ते बंद झालंय, मुलांना घाबरवायला सक्त मनाई आहे. त्यांनी मान हलवली. शिक्षणखात्यानं त्यांची फारच निराशा केली होती.

मग त्यांनी स्वतः सुरुवात केली. पहिला प्रयोग मामींचा. होल्यांसमोर उभं राहून जोरात ओरडायचं, एवढंच काम. मामी मनापासून ओरडल्या, नरसिंहपूरपर्यंत ऐकू गेलं असेल. पण होले अंड्यातून बाहेर आल्यापासून तो आवाज ऐकत होते. त्यांनी डोळे मिटले आणि पंखात मान घातली. दुसरा प्रयोग माझ्या शाळेच्या हलगीचा. होले हलगीच्या मागून चालायला लागले. तिसरा प्रयोग दूध संकलन केंद्रातल्या बोक्याचा. हा बोका सांडलेल्या दुधावर इतका पोसला होता की त्याला शिकार करायचं कारण उरलं नव्हतं. होले त्याच्या शेपटीभोवतीचे दाणे टिपू लागले. एकानं चुकून शेपूटच टोचली, तेव्हा बोका घाबरून कौलांवर चढला आणि संध्याकाळपर्यंत उतरला नाही.

आबा स्वतः काठी उगारून बघत, पण ती काठी होल्यांना मागं यायची खूण होती. आणि खरं सांगायचं तर त्यांना ओरडताच येत नव्हतं. आयुष्यभर चुकलेलं मेंढरू माघारी आणणारा माणूस, जनावराला हाकलून लावायचं कसं हे त्याला कोण शिकवणार?

गुपित उघडं पडलं ते कपडे धुवायच्या दिवशी. मामींनी पटका धुऊन तारेवर टाकला होता आणि आबा बोडके अंगणात बसले होते. त्यांनी टकटक केली. होले आले, आबांच्या जवळून चालत गेले, त्यांच्याकडं बघितलंही नाही, आणि तारेखाली लाल पटक्याच्या सावलीत जाऊन बसले.

आबा बघत राहिले. मामी हातातली बादली ठेवून म्हणाल्या, "बघा. ती तुमच्या मागं न्हायत, पटक्याच्या मागं हायत." आणि मग बादली पुन्हा उचलत, "मीबी चाळीस वरसं त्येच्याच मागं चालतीया. तोंड कुठं बघाय मिळतं?"

हे आबांना फार लागलं. पहिलं वाक्य की दुसरं, ते मी विचारलं नाही. दिवसभर ते बाजेवर पडून होते. पण दुसऱ्या दिवशी सकाळी उठून त्यांनी डाळिंबाच्या बागेतलं बुजगावणं उपटून आणलं. बुजगावण्याच्या अंगात अशोकची कॉलेजातली जीन्स आणि बिनबाह्यांचा बनियन होता. आबांनी त्याच्या मडक्याच्या डोक्याला आपला पटका बांधला, अगदी नीट, स्वतःला बांधतात तसा, आणि ते ज्वारीच्या रानात रोवलं. दहाही होले त्याच्यावर जाऊन बसले. तीन डोक्यावर, बाकीचे दोन्ही हातांवर. पाखरांना भिववायला केलेलं बुजगावणं पाखरांनी इतकं भरलेलं तालुक्यात दुसरं कुठं नसेल.

"आता तळ हलवायचा," आबा म्हणाले.

मेंढक्यांची ती जुनी रीत. एका रानात फार दिवस बसायचं नाही, तळ हलवत हलवत पुढं जायचं. आबांचा बेत असा होता की बुजगावणं रोज एकेक रान पुढं न्यायचं, नदीच्या बाजूला. तिथं काठाला बाभळी आहेत आणि बाभळींत रानातले होले आहेत. आणि रोज पटका हातभर फाडायचा. "मेंढराला एकदम तोडलं तर ते वरडतं," ते म्हणाले. "रोज जरा जरा कमी केलं की त्येला कळत न्हाय."

मी म्हटलं, "आणि तुम्हाला?"

त्यांनी बुजगावण्याचा पटका सारखा केला.

त्यानंतरचे बारा दिवस वाडीला दुसरी करमणूक लागली नाही. रोज सकाळी खंडूआबा बोडक्या डोक्यानं, खांद्यावर जीन्स घातलेलं बुजगावणं घेऊन बांधावरून जात आणि मागून दहा होले चालत. ज्यांच्या रानात तळ पडायचा त्यांची आदल्या दिवशी परवानगी घेतली जाई. डोळ्यांनी कमी दिसणारे एक तात्या तर बुजगावण्यालाच "रामराम आबा" म्हणायचे आणि आबांना "कोण पाहुणं?" म्हणून विचारायचे. आमच्याकडं म्हातारा माणूस बोडका फिरला की लोक घरात कोण गेलं असं विचारतात. आबांनाही विचारलं.

"एक व्हला गेला," आबा सांगत. विचारणाऱ्याला हसावं की नाही ते कळत नसे.

मामींनी टोपी घाला म्हणून धोशा लावला. आबांनी ऐकलं नाही. आज टोपी घातली की उद्या ती टोपीच्या मागं येतील, असं त्यांचं म्हणणं. इतकी वर्षं पटक्याखाली राहिलेलं कपाळ पांढरंफटक होतं, ते चार दिवसांत भाजून लाल झालं. मामी रोज संध्याकाळी त्यावर साय लावत आणि बोलत. पटक्याच्या फाडलेल्या पट्ट्या मात्र त्यांनी एकही टाकली नाही. धुऊन, घडी करून, पत्र्याच्या डब्यात ठेवल्या.

एका रविवारी मी बुजगावणं उचलायला गेले होते. नवव्या दिवसाचं रान होतं ते, नदी दिसायला लागली होती. पटक्याचा आता फक्त एक फेर उरला होता. बाभळीतले रानातले होले खाली उतरून आमच्या होल्यांच्या शेजारी दाणे टिपत होते. मी चालताना ढेकळाला अडखळले. त्या आवाजानं रानातले होले पंख फटफटत एकदम उठले, आणि त्यांच्याबरोबर आमच्यातले चार उठले. बाकीचे सहा गोंधळून उभे राहिले. मग तेही, जरा उशिरानं, उठले.

आबा तिथंच मट्कन खाली बसले. सगळे होले बाभळीवर होते आणि आमचे कुठले ते शेपटीच्या रंगाशिवाय ओळखू येत नव्हते.

"बघितलं?" ते म्हणाले. "दुसरी भ्याली म्हणून ती भ्याली. मास्तर लागतच न्हाय. कळप लागतो."

बाराव्या दिवशी मडक्यावर करंगळीएवढी चिंधी होती. आबांनी ती काढली, बुजगावणं उपटलं आणि खांद्यावर टाकलं. होले बाभळीत होते. एकही खाली आला नाही. आबांनी टकटक केली नाही. मला वाटतं जीभ दातांखाली धरली असावी. घरी येईपर्यंत ते रस्ताभर दर दहा पावलांनी वळून बघत होते. मागं कुणी नव्हतं.

पुढचे दिवस वाईट गेले. आबा सात वाजता ज्वारी तोंडात घेऊन बसत, पुढ्यात पिल्लू नाही आणि भांडणारं माणूसही नाही. रात्री मी त्यांच्याकडं जेवायला असले की विचारत, पाखरं उचलणारा शिक्रा असतो का हो त्या बाभळीत? मी नाही म्हणत असे. असतो, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. जगले असतील की नाही, एवढा एकच प्रश्न त्या घरात होता आणि त्याला उत्तर द्यायला कुणी येत नव्हतं.

मग मे महिन्यात माझी बदली झाली. बारामतीच्या जवळची शाळा मिळाली, आनंद व्हायला हवा होता आणि तो अर्धाच झाला. निघायच्या दिवशी सकाळी आबा दारात आले. डोक्याला नवा पटका होता, पांढरा. लाल त्यांनी पुन्हा घेतलाच नाही. चला अशी मान हलवली आणि मला डाळिंबाच्या बागेत घेऊन गेले.

झाडं फळांनी वाकली होती आणि पुढच्या ओळींतल्या फार वाकलेल्या फांद्यांना लाल पट्टीनं वरून ताण दिला होता. मामींनी पत्र्याचा डबा उघडून पट्ट्या उभ्या चिरल्या होत्या. पुढच्या ओळी आबांच्या पटक्यानं बांधलेल्या. तिसऱ्या ओळीतल्या एका झाडाकडं आबांनी बोट दाखवलं. लाल पट्टीची गाठ जिथं होती, तिथंच चार काड्यांचं घरटं होतं आणि त्यावर एक होला बसला होता. शेपटीच्या टोकाला लालसर डाग. विटलेला, पण होता.

"इथंच थांबा," आबा पुटपुटले आणि एकटे पुढं गेले. एक पाऊल, दोन पावलं. तिसऱ्या पावलाला होल्यानं मान वर केली, त्यांच्याकडं बघितलं आणि पंख फटफटवत उडाला, तो थेट कुंपणापलीकडच्या लिंबावर.

आबा वळले. एवढं सुख मी त्यांच्या तोंडावर त्या लग्नातसुद्धा पाहिलं नव्हतं.

"भ्याली," ते म्हणाले. "बाई, मला भ्याली."

आणि ते हसत होते आणि डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि दोन्ही पुसायला त्यांनी नव्या पटक्याचं टोक घेतलं. मलाही रडू आलं. आम्ही लगेच मागं सरकलो, कारण घरट्यात अंडी होती आणि बाहेरच्या माणसांनी तिथं थांबायचं नव्हतं.

फाट्यावर मला सोडायला दोघं आले. मामींनी डाळिंबं, शेंगा, लोणचं असं इतकं दिलं की कंडक्टरनं सामानाचं तिकीट काढायचं की काय असं विचारलं. वाटेत काय खायचं, काय खायचं नाही, हे त्या गाडी सुटेपर्यंत सांगत होत्या. गाडी हलली. मी खिडकीतून मागं बघितलं.

ते परत निघाले होते. आबा पुढं, हातात काठी. मागं मामी, डोक्यावर रिकामी पाटी, बोलणं चालू. दहा पावलं झाल्यावर आबा सवयीनं थांबले आणि वळून बघितलं. मागून मामी येत होत्या. गाडी वळणाला लागेपर्यंत मी बघत होते. त्या जवळ येईपर्यंत आबा तिथंच थांबले होते, आणि त्यांनी पाटी आपल्या हातात घेतली.